गोवर, फोडणी आणि माझे डोळे

आमच्या घरात गोवर आला असं कधी कुणी म्हणत नसे. बाया आल्या, असं म्हणायचं. त्या पाहुण्या. त्या मर्जीने येणार, मर्जी असेतो राहणार आणि मर्जी झाली की जाणार. घरातल्यांनी त्यांचा मान तेवढा ठेवायचा. मान कसा ठेवायचा हे माझ्या आईला, आम्ही तिला आय म्हणायचो, तोंडपाठ होतं. दाराला कडुलिंबाचा डहाळा. पोराच्या अंगाखाली लिंबाचा पाला. खिडकीवर गोणपाट, कारण बायांना उजेड सोसत नाही. बाहेरच्या माणसाने उंबरठा ओलांडायचा नाही, घरातल्या बायकांनी केस विंचरायचे नाहीत आणि सगळ्यांत मोठं म्हणजे चुलीवर फोडणी द्यायची नाही. तेलाचा चर्र आवाज आणि लसणीचा वास बायांपर्यंत पोहोचला की त्या कोपतात, आणि कोपल्या की जाताना पोराचं काहीतरी घेऊन जातात. काय घेऊन जातात, ते आय सांगत नसे. सांगायची गरजही नव्हती. गावात एक पोरगा मुका होता, एक पोरगी लंगडत होती, आणि त्या दोघांच्या घरी बाया असताना कुणी काय शिजवलं होतं हे गावातल्या प्रत्येक बाईला पक्कं ठाऊक होतं.

आमचं गाव ठाण्याहून खाडी ओलांडली की लागायचं. आज तिथे इतक्या उंच इमारती आहेत की खाडी कुठल्या बाजूला ते विचारावं लागतं, पण तेव्हा दार उघडलं की समोर नुसती मिठागरं होती. पाण्याचे चौकोनी वाफे, त्यांच्यामधले मातीचे बांध आणि उन्हाळा चढू लागला की बांधांवर मिठाच्या पांढऱ्या राशी. माझा बाप, बा, आणि त्याचा धाकटा भाऊ, माझा रामाकाका, दोघे मिठागरावर राबत. पिकलेलं मीठ मचव्यात, म्हणजे शिडाच्या होडीत, भरून भरतीच्या पाण्यावर कल्याणच्या बंदराला नेत. मीठ पिकतं, असंच आम्ही म्हणतो. शहरातली माणसं हे ऐकून हसतात. हसोत बापडी.

काकाचं लग्न झालं त्या वर्षी मी शाळेत जाऊ लागून थोडे दिवस झाले होते. पारूकाकी डोंबिवलीच्या बाजूची, खाडीच्याच काठच्या गावातली, पण तिच्या माहेरी भातशेती होती. मिठाचं काम तिला नवीन. पायाला चिरा पडल्या की आमच्या बायका तोंड मिटून चालायच्या, ही मात्र मोठ्याने “अया ग!” म्हणायची आणि मग स्वतःलाच हसायची. आयला ते हसणं खपत नसे. आय वाईट नव्हती, पण तिच्या घरात आनंद रांगेने उभा राहिला पाहिजे, असा तिचा कारभार. काकीला रांग माहीत नव्हती. ती दिवसातून कितीदा तरी हसायची आणि मला तिच्याशिवाय करमेनासं झालं होतं. घरात मी एकटीच पोर. आतापर्यंत मला खेळायला फक्त आमचा कुत्रा होता, आणि तोसुद्धा स्वभावाने आयवर गेलेला.

तर त्या माघात मला ताप भरला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि अंगावर पुरळ फुललं. बाया आल्या. खिडकीवर गोणपाट चढलं, दार लोटलं गेलं, आणि मी घराच्या सगळ्यांत आतल्या खोलीत पाल्यावर पडून राहिले. त्या दिवसांचं मला आठवतं ते सगळं कानांनी. पहाटे पायलीने मीठ भरल्याचा खरखर आवाज. भरतीचं पाणी उघाडीतून, बांधातल्या दारातून, वाफ्यांत शिरताना होणारी खळखळ. त्यावरून खाडी भरतेय की ओसरतेय, हे मला पडल्या पडल्या कळायचं. आयच्या काकणांचा आवाज आणि काकीच्या काकणांचा आवाज, यात फरक होता. आयची काकणं मोजून मापून वाजायची. जेवायला अळणी भाताची पेज, दही, पुन्हा पेज. तोंडाला चव म्हणून नव्हती. ताप उतरला तरी अन्न नकोसं वाटे आणि आय पाठीवरून हात फिरवत बायांची गाणी पुटपुटत बसे.

आणि मग एका दुपारी वास आला. सुक्या जवळ्याचा, लसणीचा, तेलात फुलणाऱ्या मिरचीचा. मी अंधारात उठून बसले. किती तरी दिवसांत पहिल्यांदा भूक लागली, तोंडाला पाणी सुटलं. आजही कुणी मला विचारलं की जगातला सगळ्यांत सुंदर वास कोणता, तर मी मोगऱ्याचं नाव घेणार नाही. झालं होतं असं की आय लिंबाचा पाला आणायला गेली होती. रामाकाका मिठागरावरून भुकेने काळवंडून आला. अळणी पेज त्याने दोन घासांत बाजूला सारली. काकीला ते बघवलं नाही. तिने मागच्या पडवीत, तीन दगडांवर, चिमूटभर जवळा परतला. तिच्या माहेरी चुलीची बंदी होती, पडवीची नव्हती. तिचा हिशेब असा की चूल तर पेटवलेली नाही ना?

आय पाला घेऊन दारातच थबकली. मग तिचा आवाज आला, तोही हळू, आणि हळू बोलणारी आय सगळ्यांत वाईट.

“बाया घरान हायती, आनि तू फोडनी दिलीस?”

“वयनी, चुलीवर नाय दिली. पडवीन दिली. यांच्या पोटान काय नाय.”

“पोटान? माजी पोर पाल्यावर परलीय, आनि तू पोटाचं बोलतंस?”

काकाने अर्ध्या जेवणातून हात धुतला. त्या संध्याकाळी आयने चुलीसमोर नाक घासून बायांची माफी मागितली, काकीलाही मागायला लावली. काकीने मागितली. तिने खरोखर मनापासून मागितली असणार, कारण दुसऱ्या दिवशी ती हसली नाही.

बाया गेल्या त्या दिवशी मला लिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं. वेशीवर दहीभात ठेवून आय आणि शेजारणी परतल्या. घरात माणसांचा गलबला झाला. बा म्हणाला, “चल, बाहेर बस जरा, हवा लागूं दे.” मी ओट्यावर बसले. अंगाला ऊन लागत होतं. मी म्हणाले, “आय, खिरकीवरचं गोनपाट कवा कारशील?”

आतला गलबला चालूच होता. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा विचारलं. तेव्हा बाने माझ्या हनुवटीला धरून माझं तोंड वर केलं. त्याच्या हाताला मिठाचा वास होता. “पोरी, तू ओट्यावर हास. माज्याकर बग.” मी बघितलं. जिथे बा असायला हवा होता तिथे राखाडी रंगाचं काहीतरी हलत होतं, पेजेवर साय धरावी तसं. खोलीत अंधार होता म्हणून दिसत नाही, असं मला इतके दिवस वाटत होतं. आयलाही तेच वाटत होतं. अंधारात बसवलेल्या पोराला दिसतंय की नाही, हे कुणी विचारणार तरी कसं? नजर कधी गेली, ताप असताना की ताप उतरल्यावर, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. गोणपाटाने बायांचा मान राखला आणि आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांवर पडदा टाकला.

बाने आधी सगळा दोष मिठाला दिला. मिठागरावरच्या माणसाला दुसरं काय सुचणार? भर उन्हात मिठाच्या राशींकडे बघून बघून डोळे दिपतात, पाणी गळतं, दोन दिवस धूसर दिसतं, हे तिथल्या प्रत्येकाने भोगलेलं. अंधारातून एकदम उन्हात आली, मिठाची तिरीप लागली, असं म्हणून त्याने माझ्या डोळ्यांवर ओली फडकी ठेवली. मिठागरवाल्यांचं ते जुनं औषध. दोन दिवस गेले, चार गेले. राखाडी ते राखाडीच राहिलं. बरं, डोळे वरून इतके स्वच्छ होते की शेजारणी म्हणत, पोर नाटक करतेय. मी भिंतीवर आपटले तेव्हा त्या गप्प झाल्या.

आयने मात्र पहिल्या घटकेलाच ठरवून टाकलं होतं. बाया कोपल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. कुणामुळे, ते गावाला सांगायची गरज नव्हती. वासाला पाय असतात; तो जवळा साऱ्या आळीने हुंगला होता. ज्या बाईने मान मोडला ती घरात असेतो बाया डोळे परत देणार नाहीत, असं एक म्हातारी आयला सांगून गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! पण त्या वेळी चोर कोण हे कुणालाच माहीत नव्हतं आणि संन्यासी मात्र समोर उभा होता, ओल्या डोळ्यांचा, हिरवं लुगडं नेसलेला. आयने फर्मान काढलं, पोरीचे डोळे येईस्तोवर पारू माहेरी राहील.  थोरल्या वहिनीपुढे काका कधी बोललेला नव्हता.

काकी जायच्या आधी माझ्याजवळ येऊन बसली. तिने माझा हात धरून आपल्या तोंडावरून फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी. “इसरू नुको हां मना,” ती म्हणाली. “तुजे डोले आले का मी पन येन.” मी विचारलं, “आनि नाय आले तं?” तिची काकणं वाजली, ती उठली होती. गावात टाकलेल्या बायका होत्या, माहेरच्या पडवीत म्हाताऱ्या झालेल्या. ते मलाही माहीत होतं. माझ्या एवढ्याशा डोळ्यांवर दोन माणसांचं आयुष्य टांगलेलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं आणि मी डोळे इतके ताणून बघू लागले की डोकं ठणकायचं.

काका वहिनीशी बोलला नाही, पण भावाशी बोलला. कल्याणच्या बाजारात मीठ घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून त्याने काढून आणलं की डोळ्यांचे एक डॉक्टर मुंबईहून ठरल्या वारी कल्याणला येतात. मीठ घेऊन जायचंच होतं. एका पहाटे बाने मला गोण्यांवर बसवलं, घोंगडीत गुंडाळलं आणि भरती लागताच मचवा सोडला. मुंब्र्याचा डोंगर कुठे आला ते मला वाऱ्यावरून कळलं, कारण डोंगराच्या आडोशाला शीड पडलं आणि काका शिव्या देत वल्ही मारू लागला. पुढे डोंबिवलीच्या बाजूचं काकीचं गाव आलं तेव्हा तो शिव्या द्यायचा थांबला. तिथे काठावर कोण असेल-नसेल ते मला दिसत नव्हतं. बा म्हणाला, “रामा, आदी डॉक्टर.” काका म्हणाला, “मी कवा काय बोललो?”

डॉक्टर बाजारपेठेतल्या एका माडीवर बसत. आवाजावरून म्हातारे नसावेत. अंगाला लवंगेचा वास. त्यांनी माझ्या डोळ्यांत थेंब घातले, बराच वेळ बसवून ठेवलं आणि मग म्हणाले, “आता मी खोलीत अंधार करणार आहे हं.” मी रडायलाच लागले. अंधार म्हटला की मला पाला आठवे. त्यांनी विचारलं, का रडतेस. मी सांगितलं, अंधारानेच माझं दिसणं नेलं. ते म्हणाले, “मग तिथेच शोधू या.” त्यांनी लहानशी बत्ती हातात घेतली आणि इतके जवळ आले की त्यांचा श्वास माझ्या गालाला लागला. बत्ती हलली आणि मला एकदम काहीतरी दिसलं. लालसर उजेडात काळ्या फांद्या, खाडीकाठच्या पानं झडलेल्या तिवराच्या झाडासारख्या, एकीतून दुसरी फुटलेल्या. मी ओरडले, “झार! झार दिसतं!”

डॉक्टर थांबले. “कसलं झाड?” मी सांगितलं. ते हसले, पहिल्यांदाच. “अगं, त्या तुझ्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्या. या बत्तीने तुला त्यांची सावली दिसली. तू तुझा डोळा आतून पाहिलास. हे चांगलं लक्षण आहे, बरं का. पडदा अजून जागा आहे.”

आता या म्हातारपणी, परवा, डोंबिवलीत मोतीबिंदूची तपासणी करायला गेले होते. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी यंत्रापुढे हनुवटी ठेवायला लावली आणि पडद्यावर माझ्या डोळ्याच्या मागच्या बाजूचा फोटो दाखवला. नारिंगी गोल आणि त्यात त्याच फांद्या. मी त्यांना चटकन ओळखलं, जुनी मैत्रीण ओळखावी तशी. बाई म्हणाल्या, “आजी, या डाव्या डोळ्यात रक्तवाहिन्या जरा बारीक दिसतात, कडेला जुने डागही आहेत. लहानपणी काही मोठं आजारपण झालेलं का?” मी म्हटलं, “बसायला वेळ आहे का तुम्हाला?” नव्हता. बाहेर रांग होती. म्हणून इथे लिहिते आहे.

तर डॉक्टरांनी खिडकी उघडली आणि बाला समोर बसवलं. बाने विचारलं, “सायेब, मिठानं जालं क हे?”

“मिठाने नाही. गोवराने. बाहेर अंगावर पुरळ आलं ना, तशीच आत सूज आली. डोळ्याच्या मागे एक पडदा असतो, त्यावर आपल्याला दिसतं. त्या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या सुजल्या. त्यांतून पाणी झिरपलं आणि पडदा फुगला. डोळा समोरून बघाल तर काचेसारखा स्वच्छ.”

 बा म्हणाला, “म्हंजे बांध झिरपला. वाफ्यान नुको ते पानी भरलं.”

“अगदी तसं.”

“मंग वरून काय टाकून उपेग नाय. पानी वसरल्याबिगर वाफा दिसाचा नाय.”

“बरोबर. म्हणूनच डोळ्यांत कुणी काही घालायचं नाही. कसला रस नाही, मध नाही, दूध नाही, अंगारा नाही. पाणी आपलं आपण ओसरेल. पुष्कळ मुलांचं दिसणं परत येतं. हिचं येईल असं मला वाटतं. किती येईल आणि कधी येईल, हे मी आज सांगू शकत नाही. महिने लागतील.”

एवढ्यात रामाकाका, जो दारात उभा होता, घसा खाकरून म्हणाला, “सायेब, एक इचारू? फोडनीनं होतं क असं?” डॉक्टरांना कळेना. बाने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. बाया, जवळा, पडवी आणि माहेरी धाडलेली काकी. मला वाटलं आता हा शिकलेला माणूस आम्हाला हसणार. तो हसला नाही. बराच वेळ चष्मा पुसत बसला, कापडाचा आवाज येत होता.

“माझ्या धाकट्या भावाला गोवर झाला तेव्हा आमच्या घरी कडकडीत पाळलं होतं,” ते म्हणाले. “महिनाभर फोडणी नाही, विंचरणं नाही, काही नाही. आमच्या आईसारखं पाळणारं कुणी नसेल. तरी त्याचा एक कान गेला. आई अजून विचारते, माझं काय चुकलं.” मग त्यांचा आवाज जरा वर गेला. “तिचं काही चुकलं नव्हतं. तुमच्या भावजयीचंही नाही. पोरीला खायला घाला. अंडी, कलेजी, मासळी, जे मिळेल ते. आणि हे माशाच्या तेलाचं औषध. आजाराने अंग खंगलंय, ते भरून निघू दे.”

परतताना काकीच्या गावापाशी काकाने विचारलं, “थांबू?” बा म्हणाला, “जिनं धारली तिनंच आनाला पायजेल. मी आनली तं ती घरान येल, पन घरची होनार नाय.” त्या वेळी मला बाचा राग आला होता. आता वाटतं, घरातली भांडणं त्याला माझ्याहून चांगली कळत होती.

आयने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “डॉक्टरला बाया काय ठाव?” माशाच्या तेलाची बाटली बघून तर तिचा पारा चढला. मासळीने गेलेले डोळे मासळीने यायचे? पण डॉक्टरांच्या भावाच्या कानाची गोष्ट तिला लागली असावी. ती बाला परत परत तेच विचारी, “महिनाभर फोडनी नव्हती? केस पन नव्हते इंचरले?” बा दर वेळी तितक्याच शांतपणे सांगे. एके सकाळी चमचा माझ्या ओठांना लागला. त्या तेलाची चव वर्णन करून मी वाचकांचा जेवणाचा घास कडू करणार नाही. मी ते गिळलं, कारण बाटली संपेल तेव्हा काकी येईल असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. बाटली संपली, दुसरी आली, काकी आली नाही.

दिसू लागलं ते असं सांगता येत नाही की अमुक दिवशी. आधी राशीचं पांढरं आणि आभाळाचं पांढरं वेगळं झालं. मग चुलीतला निखारा लाल झाला. कुत्रा दिसला, तोंड फिरवून बसलेला, म्हणजे तोच. आय रोज हातात काहीतरी धरून विचारायची, “काय हाय?” वाटी, विळा, कांदा. मी चुकले की ती दुसरी वस्तू उचले आणि बरोबर सांगितलं तरी दुसरीच उचले. काकीचं नाव तर घरात निघतच नव्हतं. तिकडे वैशाख सरत आला. मिठाच्या राशींवर गवत शाकारायला सुरुवात झाली. पावसाळ्यात मचवे बंद, म्हणजे काकी चार महिने तिकडेच. काका जेवताना भिंतीकडे तोंड करून बसू लागला.

एक दिवस दुपारी आय माझ्यासमोर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. दारातून ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. मी बघत राहिले. आजारपणाआधी पाहिलेलं तिचं तोंड मला आठवत होतं, भरलेलं, करारी. समोर बसली होती ती दुसरीच बाई. गाल आत गेलेले, गळ्याची हाडं वर आलेली.

“आय,” मी म्हणाले, “तू किती वाललीस गो!”

सूप तिच्या हातून निसटलं. तांदूळ सगळ्या जमिनीवर पसरले आणि ती तशीच बसून माझ्याकडे बघत राहिली. बाने मग सांगितलं. माझी नजर गेली त्या दिवसापासून आयने मीठ सोडलं होतं. मिठाच्या राशींमध्ये राहणारी, अंगाखांद्याला मीठ लागलेली बाई अळणी भात पाण्याबरोबर गिळत होती, आणि पोरीचे डोळे येईस्तोवर तिला कळू द्यायचं नाही असाच तो नवस. मला भिंत दिसली, कांदा दिसला, तेव्हा तिने तो सोडला नव्हता. आपलं तोंड पोरीला दिसलं पाहिजे, अशी तिची अट होती. ती रडली. आयला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि पाहिलं, हे मला फार आवडलं, हे आज कबूल करायला हरकत नाही. मला काय काय दिसतंय, याचाच आनंद होता.

रडून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि रामाकाकाला हाक मारली. “उद्याची भरती कवा हाय?”

थोरली जाऊ धाकटीला आणायला जात नाही. रीत अशी की दीर जातो, नाहीतर निरोप जातो. आय स्वतः निघाली. लग्नातलं लुगडं नेसून, मला शेजारी घेऊन मचव्याच्या नाळेत, पुढच्या टोकाशी, ताठ बसली. बाकी मचवा रिकामा होता. मीठ शाकारून झालं होतं.  डोंबिवलीची बाजू आली तशी तिने माझं मनगट घट्ट धरलं. तिला भीती वाटत होती. पारू आली नाही तर? तिच्या आईबापांनी धाडली नाही तर? आपण घालवलेल्या माणसाला कसं म्हणायचं, चल, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

वळणावर त्यांच्या गावाचा उतार दिसू लागला. काठाला दगडांवर चारपाच बायका धुणं धूत होत्या. आयने डोळ्यांवर हात धरला. इतक्या वर्षांच्या मिठाच्या उन्हाने तिची लांबची नजर कधीच मंदावली होती. “हायती कोन कोन?” तिने काकाला विचारलं. काका उभा राहिला, बघू लागला, आणि त्याला काही ओळखू येईना. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मला दिसत होतं.

“ती कडेची,” मी म्हणाले. “हिरव्या लुगड्याची. ती आपली काकी.”

“ठाम सांगतंस?”

“आय, तिनं मान वर केली. ती आपल्याकर बगतंय.”

आयने माझ्याकडे बघितलं, मग काठाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.  शेवटी ती एवढंच म्हणाली, “मंग तूच हाक मार. माजी हाक आयकून ती पलून जायल.”

मी नाळेवर उभी राहिले. आयने मागून माझा परकर धरला होता. मी पोटातून ओरडले, “काकी गो! मना तू दिसतंस!”

हिरव्या लुगड्याची बाई उठली. हातातलं धुणं पाण्यात सुटलं, ते वाहून चाललं, आणि ते धरायचं सोडून ती मचव्याच्या दिशेने कमरेइतक्या पाण्यात उतरली.